विहीणबाईंचा ब्लेंडर आणि माझा बीटर

मंगळवार, रात्री साडेअकरा
(घरातले सगळे आडवे झालेत, मी एकटी जागी)

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचा डावा गुडघा कसा आहे? (दुखणारा उजवा असेल, तर त्याचीही चौकशी केली असं समजा.) व्याह्यांचा खोकला एव्हाना थांबला असेल. मी सांगितलेल्या वाफाऱ्याने थांबला असेल तर जरूर कळवा, दुसऱ्या कशाने थांबला असेल तर कळवायची तसदी घेऊ नका. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. स्वयंपाकघराच्या छताला पिवळे ठिपके पडलेत, त्याचा खुलासा पुढे येईलच. पत्र बघून तुम्ही आधी पाकीट उलटसुलट करून पाहिलं असेल, कारण आपल्यात पत्र कोणी लिहीत नाही. फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही (हे मी प्रेमाने लिहितेय), आणि आमच्या भिंती अशा की मी इकडे हॅलो म्हटलं की पलीकडच्या खोलीतून तुमची लेक विचारते, आईचा का? आणि ही गोष्ट तिच्या कानावर इतक्यात जायला नको आहे. टपाल गुरुवारपर्यंत पोचतं असं पोस्टातला माणूस म्हणाला. त्याच्या तोंडावर काही तसा विश्वास दिसला नाही.

तर मुद्द्याचं. रविवारी आपली भिंगरी सहा वर्षांची होतेय. आजवरच्या पाचही वाढदिवसांना केक तुमच्या घरून आला. तुम्ही तो दोन्ही हातांवर तोलत दारातून आत यायचात, सगळे वाहवा करायचे आणि मी कागदी ताटल्या वाटायचे. ताटल्या वाटण्यात कमीपणा नाही, कुणीतरी वाटायलाच हव्यात. पण गेल्या आठवड्यात मी वेणी घालत असताना ही पोर म्हणाली, या वर्षी केक तू कर. मी दोनदा विचारलं, मी म्हणजे कोण? म्हणाली, तूच, दुसरी कोण. विहीणबाई, तुमच्यापासून काय लपवायचं, मला भरून आलं. शनिवार उजाडला की ही तुमच्याकडे यायला चपला घालून दारात बसते, आणि परत आली की 'त्या आजीकडे' असं जे सुरू होतं ते डोळे मिटेपर्यंत. माझ्याकडे मागते काय, तर नखं कापून दे आणि कानात औषध घाल. एकोणतीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरात सिस्टर होते. माझ्या हातात कात्री दिसली की भलेभले सर्जन सुतासारखे सरळ व्हायचे. पण नातीला कात्रीने लळा लागत नाही. म्हणून मी हो म्हटलं. आपल्याला केक येत नाही, हे हो म्हणून झाल्यावर आठवलं.

पुस्तक आणलं. त्यात पहिल्याच ओळीला लिहिलेलं, अंड्याचा पांढरा भाग फेटून घट्ट फेस करावा. कशाने, ते लिहिलेलं नाही. (पुस्तक लिहिणाऱ्यांना सगळं येत असतं, हीच त्यांची अडचण.) तेव्हा मला तुम्ही लग्नात दिलेला ब्लेंडर आठवला. उभा दांडा, खाली पातं, वर बटण. सात वर्षं तो कपाटाच्या वरच्या खणात आहे. तुम्ही येणार असलात की आम्ही तो पुसून ओट्यावर ठेवतो आणि तुम्ही गेलात की परत वर. (हे लिहायला नको होतं, पण शाईने लिहिलंय, आता खोडलं तर जास्तच वाईट दिसेल.) म्हटलं, विहीणबाई एवढ्या सुगरण, त्यांनी दिलेलं हत्यार केकचंच असणार.

शनिवारी भिंगरी तुमच्याकडे आली आणि मी कामाला लागले. भांडी उकळून घेतली, टेबल स्पिरिटने पुसलं, चमचे मोजून मांडले. (काम संपल्यावर पुन्हा मोजायचे. आत काही राहून जाता कामा नये, ही जुनी सवय.) मदतनीस म्हणून आमचे हे. यांनी जन्मभर पाण्याचे मीटर वाचले, त्यामुळे वजनकाट्यासमोर उकिडवे बसून मैद्याचा आकडा खणखणीत आवाजात वाचतात आणि वर, मागच्या वेळेपेक्षा जास्त आहे, असंही म्हणतात. मी ब्लेंडर पांढऱ्या भागात बुडवला आणि बटण दाबलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. दांडा हाताला चटके देऊ लागला आणि अंड्याचं पाणी होतं तसंच पाणी राहिलं, वर चार बुडबुडे, तेही माझी कीव आल्यासारखे. मग मी लोणी, साखर, मैदा सगळं त्यातच ओतलं आणि पुन्हा फिरवलं, तर त्याची खळ झाली. पोस्टरं चिकटवावीत अशी अस्सल खळ. ती तारेसारखी ओढली जातेय का बघायला मी दांडा वर उचलला. बटण दाबलेलंच होतं. छताचा खुलासा हा असा आहे.

उरलेलं भाजलं. जे बाहेर आलं त्यात सुरी गेली नाही, आणि मी सुरी चालवण्यात कच्ची नाही हे तुम्ही जाणता. वरच्या मजल्यावर दार बसवायला सुतार आला होता, त्याने तो तुकडा मागून नेला आणि दाराखाली सरकवला. दार अजून तिथेच आहे, हलत नाही.

संध्याकाळी घरात बैठक बसली. तुमचे जावई गाद्यांच्या कंपनीत तक्रारी ऐकायच्या टेबलावर आहेत, त्यामुळे त्यांनी आधी, तुमची अडचण आम्ही समजू शकतो, असं मला सांगितलं. मला, जन्मदात्या आईला. मग फोनवर तासभर अनोळखी लोकांची मतं वाचून काढली आणि निष्कर्ष दिला की ब्लेंडर चांगला आहे, त्याच्याऐवजी लोक फेटायला घेतात तो बीटरही चांगला आहे, आणि दोन्हीबद्दल लोक नाराज आहेत. तुमची लेक वकिलाच्या कचेरीत काम करते. तिने दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या आणि पुढची तारीख दिली. आईने दिलेल्या वस्तूविरुद्ध ती बोलणार नाही आणि सासूसमोर त्या वस्तूची बाजूही घेणार नाही. अशी पोर तुम्ही वाढवलीत, याचं मला मनापासून कौतुक आहे. (कधीकधी चीडही येते.) हे म्हणाले, यंत्र कशाला, पूर्वी लोक काट्याने फेटायचे. मी त्यांच्या हातात काटा दिला. सातव्या मिनिटाला ते खांदा धरून पलंगावर गेले आणि पूर्वीच्या लोकांबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत.

सोमवारी सकाळी मी दुकानात गेले. तीन विक्रेते, तिघांचे टाय सारखे आणि तिघांनी जन्मात कधी अंडं फोडलेलं नसावं. पहिला म्हणाला, ब्लेंडर घ्या, याचे फेरे जास्त आहेत. दुसरा म्हणाला, बीटर घ्या, याचा रंग सध्या चालतो. तिसऱ्याने दोन्ही घ्यायला सांगितलं आणि वर भिंतीवरचा पंखाही दाखवला. मी विचारलं, बाबांनो, केक कशाने फुगतो ते सांगा. तर तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मॅनेजरला बोलवायला गेले. तिथे एक बाई फरशी पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, पातं कापतं बाई, तारा हवा भरतात. सूप करायचं तर दांडा न्या, केक करायचा तर तारावालं न्या. आणि पाय उचला.

मी पाय उचलला आणि तशीच उभी राहिले. एकोणतीस वर्षं मी शिकाऊ पोरींना ओरडून सांगितलं की हत्यार काम बघून उचलायचं, माणसाचा मान बघून नाही. आणि स्वतःच्या घरात मात्र कुणी दिलंय ते बघून उचललं. लाज वाटली. बीटर घेतला. पावती देताना पहिला विक्रेता म्हणाला, मी हेच सांगत होतो.

बीटर म्हणजे विहीणबाई, काय सांगू. दोन तारांचे फुगे, घर्र करून फिरतात, आणि चौथ्या मिनिटाला तो पांढरा भाग असा उभा राहिला की मलाच ताठ उभं राहावंसं वाटलं. पुस्तकात लिहिलंय, भांडं डोक्यावर उलटं धरावं, फेस पडला नाही तर जमलं. मी धरलं. हे छत्री घेऊन आले. पडला नाही. मैदा हलक्या हाताने मिसळला, भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, चमचे मोजले, सगळे हजर. आणि तिथे माझा घात झाला. आत ठेवलेल्याला बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पेशंट टेबलावर असताना दर पाच मिनिटांनी नाडी बघायची, ही माझी शिस्त. मी दर पाच मिनिटांनी ओव्हनचं दार उघडलं, केकच्या पोटावर बोट टेकवलं आणि दार लावलं. सात वेळा. सहाव्यापर्यंत तो श्वास धरून होता. सातव्याला त्याने जो सोडला, की मधोमध खड्डा पडला आणि कडा माझ्याकडे बघत राहिल्या. पुस्तकात पुढच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं की दार उघडू नये. पुढच्या पानावर.

मी खुर्चीवर बसले आणि रडले. या वयात, पदर तोंडाला लावून, केकसाठी. थिएटरात मी कधी रडले नाही. भिंगरी शाळेतून आली, तिने दप्तर टाकलं, खड्ड्याकडे पाहिलं, चमचा घेतला आणि मधलं ओलं ओलं खाल्लं. मग माझ्या मांडीवर चढून माझ्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानंतर मला बरंच बरं वाटलं.

तेव्हा आता पुन्हा तिसरी खेप करायची की नाही, आणि करायची तर फेटण्याबाबत तुमचा अनुभव काय सांगतो, याबद्दल आपला बहुमोल सल्ला मिळावा, एवढ्यासाठीच हे पत्र. तुमच्याइतका जाणता हात आमच्या नात्यात दुसरा नाही. व्याह्यांना नमस्कार. गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
विहीण

ता. क. १. ब्लेंडरचं वाईट वाटून घेऊ नका. काल त्यात टोमॅटोचं सूप केलं, हे तीन वाट्या प्याले आणि म्हणाले, विहीणबाईंना माणसांची पारख आहे. ब्लेंडर आता ओट्यावरच असतो, तुम्ही येणार नसलात तरी.

ता. क. २. वर सल्ल्याचं जे लिहिलंय ते खोटं आहे. खरं असं की भिंगरी कानात म्हणाली, आजी, रडू नको. त्या आजीलापण येत नाही. ती चौकातल्या दुकानातून आणते, खोक्यातून काढते, आपल्या ताटात ठेवते आणि गाळणीने वरून साखर पाडते. कुणाला सांगायचं नाही म्हणाली होती. मी विचारलं, मग मला का सांगितलंस? म्हणाली, तू रडत होतीस म्हणून. विहीणबाई, सहा वर्षांची पोर, सगळं वर्ष तुमची लाज राखून होती आणि माझ्यासाठी तिने तोंड उघडलं. मी तिला तशीच पोटाशी धरून बसले. मला त्या क्षणी तुमचा जराही राग आला नाही. (थोडा आनंदच झाला. थोडा म्हणजे बराच.) तुमच्या लेकीला हे माहीत नाही आणि माझ्याकडून कळणार नाही. भूल उतरताना सर्जनांच्या बायका काय काय बडबडतात ते मी एकोणतीस वर्षं पोटात ठेवलंय, तिथे तुमचा केक म्हणजे काहीच नाही.

ता. क. ३. रविवारी सकाळी आठला या. सूनबाईला आणि तुमच्या जावयांना मी भिंगरीबरोबर बागेत पाठवतेय, हे वजनकाट्यापाशी असतील. दार आतून लावून घेऊ. बीटर मी धरेन, तुम्ही ओव्हनसमोर खुर्ची टाकून बसा आणि मला दाराला हात लावू देऊ नका, लागलं तर मनगट धरा. तुम्हाला येत नाही, मला येत नाही, दोघी मिळून करू. भिंगरीला सांगू, दोघींनी केला. या घरात त्या दिवशी एवढं एक तरी खरं बोललं जाईल. पण माणसाने दोन्हीकडून तयारीत असावं, म्हणून येताना पिशवीच्या तळाशी ते खोकंही असू द्या. वरून पाडायची साखर माझ्याकडे आहे.