एकदाच आभार

१९ ऑगस्ट, सकाळ

प्रिय भाऊ,

तुला आणि माझ्या भावजयीला प्रभूच्या नावात सलाम. पोरींना पापा. इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं.

तुझं पत्र मिळालं. "ताई, रोजची प्रार्थना चालू आहे ना?" म्हणे! पाळक झालास म्हणून थोरल्या बहिणीची हजेरी घेतोस होय रे? चालू आहे, बाबा. तू घालून दिलंस तस्संच. तीच वेळ, त्याच खुर्च्या, मन लागो न लागो, बसायचं. आधी तुझे दाजी, मग मी.

दाजींचं म्हणशील तर चष्म्याचं दुकान कधीच बंद झालंय हे त्यांच्या ध्यानातच राहत नाही. शटर कुणी ओढलं म्हणून माझ्यावर डाफरतात. परवा मला विचारतात, "बाई, या घरची मालकीण कुठे गेली?" मी म्हटलं, "तुम्हाला कंटाळून पळाली." तर खो खो हसले. पण सकाळी खुर्चीत बसले की माणूस ताळ्यावर येतो. माझा चष्मा काढून घेतात, सदऱ्याच्या टोकाने पुसतात, उजेडात धरून बघतात आणि परत माझ्या नाकावर चढवतात. मग डोळे मिटून, एका शब्दाला न अडखळता, प्रार्थना. तू, पोरी, चर्चची मंडळी, शेजारचा सुतार आणि त्याची दुखरी पाठ. जे प्रार्थनेत शिरलं तेवढंच टिकलंय. बाकी सगळं गेलं.

आणि रोज सगळ्यात शेवटी, "प्रभू, आमच्या बाळ्याला बरं कर. दवाखान्यातून घरी आण त्याला."

कबरीपाशी तूच शास्त्र वाचलंस. दाजी तुझ्या शेजारी उभे होते, माती त्यांनीही टाकली. आणि तरी मी इथे रोज सकाळी "आमेन" म्हणत होते. पोटचा पोरगा मातीत, आणि आई म्हणते, होय प्रभू, तसंच होवो. कसं म्हणत होते ते माझं मला माहीत.

एकदा दुपारी सांगून टाकलं. पहिल्यांदाच ऐकल्यासारखे मटकन खाली बसले आणि टाहो फोडला. चहापर्यंत विसरले. सकाळी पुन्हा तेच मागणं. परत सांगायचा धीर मला झाला नाही. एक दिवस प्रार्थनाच चुकवून बघितली, तर दुपारपर्यंत खुर्चीतून हलेनात, अन्नाला शिवेनात.

मागच्या आठवड्यात माझ्या अंगावर शाळेच्या गणवेशांचा ढीग होता. शिवून शिवून मान मोडली होती, डोकं फिरलं होतं. प्रार्थनेला बसता बसता मी म्हटलं, "अहो, बाळ्या बरा झालाय. नका आता मागू त्याच्यासाठी."

"खरंच?"

"खरंच."

काय सांगू तुला, कसा चेहरा झाला त्यांचा! रडत रडत आभार मानले. मग अनवाणीच सुताराकडे गेले. "ऐकलं बरं का त्याने! आमचं ऐकलं!" सुतार बिचारा माझ्याकडे बघत राहिला. मी मान खाली घातली.

तुझ्या दाजींची रीत तुला माहीत आहे. मागणं पुरं झालं की एकदाच आभार, आणि नाव काढून टाकायचं. देवापुढे दुसऱ्या कुणाला तरी जागा करून द्यावी, म्हणायचे. त्या सकाळी ही रीत माझ्या लक्षातच आली नाही बघ.

दुसऱ्या दिवशी तू, पोरी, मंडळी, सुताराची पाठ, आमेन. बाळ्या नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. काल मी विचारलं, "आणि बाळ्या?"

"कोण बाळ्या?" म्हणाले, अगदी अदबीने. "आजारी आहेत का ते? सांगा, घेऊ प्रार्थनेत."

आपल्यात गेलेल्यांसाठी काही मागत नाहीत. तूच शिकवतोस मंडळीला. अख्ख्या जगात बाळ्यासाठी देवाकडे मागणारा एकच माणूस उरला होता, आणि त्याला मीच गप्प केलं.

समजूत घालायला येऊ नकोस. तुझं सगळं बोलणं मला पाठ आहे. देव ऐकतो की नाही हेही मी आता विचारत नाही. मला फक्त ते खोटं मागणं परत हवंय, आणि ते काही परत येत नाही.

आज माझी पाळी आली तेव्हा मी "प्रभू, आमचा बाळ्या" एवढं म्हटलं. पुढे मागण्यासारखं काहीच नव्हतं. दाजी डोळे मिटून थांबले होते. शेवटी त्यांनीच "आमेन" म्हटलं आणि चहा मागितला.

उद्याही बसेन. सवय लागली आहे.

तुझी ताई,
बाळ्याची आई