वडिलांकडून आलेली मिळकत

मी, खाली सही करणारा, धंद्याने खुर्च्या-सोफ्यांचं गादीकाम करणारा, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहीत आहे. कोणी माझा हात धरून लिहवून घेत नाही. काम करताना तोंडात चुका धरायची सवय, म्हणून बाजारात मला चुकामामा म्हणतात. चुका म्हणजे बारीक खिळे. दुसऱ्या चुका माझ्याही सगळ्यांसारख्याच.

एक. राहतं घर मुलगा आणि मुलगी यांना समसमान. पुढची उजेडाची खोली मात्र माझी आई हयात असेपर्यंत तिचीच. तिला तिथून कोणी हलवू नये, ‘तुझ्याच सोयीसाठी’ म्हणून तर मुळीच नाही.

दोन. दुकान, शिलाईयंत्र, हातोडी, वाकड्या सुया हे सर्व पुतणीला, म्हणजे दादाच्या मुलीला. तिचा हात साफ आहे. माझ्या मुलाला गादीवर फक्त बसता येतं.

तीन. ही मिळकत मी देत नाही, तरी ती जाते. मागच्या साली माझ्या छातीत गाठ निघाली. कॅन्सर. “पुरुषाला?” मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “छाती पुरुषालाही असते, काका. क्वचित होतो, पण होतो.” शस्त्रक्रिया झाली, मग रक्त तपासलं. जनुकात एक बदल सापडला. तो असला की रोग होतोच असं नाही, पण धोका बराच वाढतो.

इस्पितळात हे जनुकांचं समजावून सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, “तुमच्या समाजाची मोजकीच घरं डोंगरापलीकडून आली. पुढे सोयरिकी आपसांतच झाल्या. त्या पहिल्या माणसांपैकी कोणाकडे तरी हा बदल असावा, म्हणून तुमच्यात तो जास्त घरांत दिसतो.”

“तो पहिला कोण?”

“ते नाही सांगता येणार. पण मुलंबाळं होण्याइतका जगला एवढं नक्की. नाहीतर तुम्ही इथे नसता.”

तेव्हापासून जुन्या माणसांचे चेहरे आठवून बघतो. काही कळत नाही, पण चाळा सुटत नाही.

आमची ताई याच रोगाने ऐन तारुण्यात गेली. लोक म्हणाले, आईच्या दुधातच खोट. दादाने ते चारचौघांत आईच्या तोंडावर बोलून दाखवलं. त्यानंतर आईने कोणाचं तान्हं मूल हातात घेतलं नाही, माझीसुद्धा नाहीत.

मला राहवेना, म्हणून आईचंही रक्त तपासून घेतलं. तिच्यात तो बदल नाही. म्हणजे आला तो वडिलांकडून. ते म्हातारे होऊन हृदयविकाराने गेले, त्यांना पत्ताच नव्हता. आईला सांगितलं तेव्हा ती मटार सोलत होती. “म्हणजे माझं दूध चांगलं होतं,” एवढंच म्हणाली, आणि सोलत राहिली.

माझ्याकडून हा बदल मुलगा आणि मुलगी, दोघांपैकी प्रत्येकाकडे जायची शक्यता निम्मी. मुलीत निघाला. ती म्हणाली, “कळलं ते बरं झालं, बाबा. आता डोळ्यांत तेल घालून राहीन.” वेळच्या वेळी तपासणीला जाते. मुलगा म्हणाला, “मला काय त्याचं? मी पुरुष.”

“आणि मी कोण, तुझी मावशी?”

मुकाट्याने गेला रक्त द्यायला. निकाल यायचा आहे.

चार. माझी काढलेली गाठ आणि रक्त इस्पितळाने अभ्यासाला ठेवावं. त्या पहिल्या माणसाचा काही माग लागलाच, तर माझ्या मुलांना कळवावं.

पाच. थोरल्या भावास, दादास, काहीही देत नाही. कारण वर आलं आहे.

इथवर लिहिलं आणि दादाच दारात उभा. पुतणीने त्याला आईच्या तपासणीचं सांगितलं होतं. कागद उचलून त्याने सगळं वाचलं. मी हातातून ओढून घेतला नाही.

“बरोबर लिहिलंयस,” तो म्हणाला. “साक्षीदार कोण?”

“एक पडदेवाला शेजारी. दुसरा शोधतोय. पण वकीलबाई म्हणाल्यात, साक्षीदाराला यातून काही घेता येत नाही.”

“मग माझी अडचणच नाही.” पेन घेतलं, पण टेकवलं नाही. “ती तपासणी... माझी करतील? पोरीला तपासून घे म्हणण्याआधी माझं कळू दे.”

“सोमवारी ये. मी येतो बरोबर.”

आतून आईने विचारलं, “कोण आलंय रे?”

“मी, आई,” दादा म्हणाला, आणि आत गेला. मी दार लोटून घेतलं. आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, विचारणारही नाही.

बाहेर आल्यावर त्याने सही केली. कलम पाच खोडत नाही. खोडू नकोस, असं तोच म्हणाला.

लिहून देणार: (सही) चुकामामा
साक्षीदार: (सही) शेजारचे पडदेवाले
साक्षीदार: (सही) थोरला भाऊ
ठिकाण: राहतं घर, आईच्या खोलीबाहेर
दिनांक: आजचा, शनिवार, सकाळ