पाचपैकी सव्वाचार

बाबा, तुम्ही गेलात त्याआधीच्या शेवटच्या फोनवर गप्प का झालात, हा प्रश्न मी इतकी वर्षं बाजूला सारून ठेवला होता. परवा कामासाठी झरीला गेले आणि तो पुन्हा डोक्यात बसला, म्हणून लिहितेय. तुम्ही डहाणू रोडच्या टेलिफोन एक्स्चेंजचे लाइनमन. मी आता इंटरनेटवरून चालणाऱ्या फोनवर आवाज कसा पोचतो ते मोजते, म्हणजे तुमचंच काम, फक्त खांबावर न चढता. एका टोकाला ठरावीक वाक्यं वाजवायची, पलीकडे पोचलेला आवाज मूळ आवाजाशी ताडून पाहायचा, आणि मशीन पाचपैकी गुण देतं. तुम्ही हसला असता. तुम्हाला नुसतं 'हॅलो' कधी चाललं नाही, लाइन दुरुस्त झाली की समोरच्याला विचारायचात, आज काय शिजवलंय? एकदा लहानपणी झाई गावात लाइन दुरुस्तीला तुमच्यासोबत आले होते, रिसीव्हर कानाला लावून ऐकू येतंय म्हणून ओरडले, तर तुम्ही म्हणालात, "तुला येतंय. त्याला विचारलंस का?" मी दिवसभर फुगून बसले.

झरीच्या आरोग्य उपकेंद्रातून बायका असल्याच फोनवर डहाणूच्या डॉक्टरांशी बोलतात. ती लाइन मी सव्वाचार गुण देऊन पास केली होती. तरी नर्सबाईंची तक्रार, की आवाज स्वच्छ आहे पण बायका काही सांगतच नाहीत. मी शेजारी बसून ऐकते. डॉक्टर एका बाईला विचारतात, कुठे दुखतं. प्रश्न जरा उशिरा पोचतो, उत्तर परत जायला आणखी उशीर. तिला ऐकू गेलं नसेल असं समजून डॉक्टर पुढचं विचारतात, आणि त्यांचा आवाज आला की बाई अर्ध्या शब्दावर थांबते. शेवटी डॉक्टर गोळ्या सांगून फोन ठेवतात. त्याच गोळ्यांनी मागे तिच्या अंगावर पुरळ उठला होता, तेवढंच तिला सांगायचं होतं. मी विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर बोलतात त मी मधी कशी बोलू?" नर्सबाईंनी पुन्हा फोन लावून गोळ्या बदलून घेतल्या. आणि आमचं मशीन हा उशीर हिशेबात धरतच नाही, बाबा. ते दोन्ही आवाज सरकवून एकमेकांवर बसवतं आणि मग ताडून पाहतं. मी तो अहवाल मागे घेतला.

पण तुमचं काय? त्या शेवटच्या वेळी मी बंगळुरूहून ऑफिसच्या अशाच इंटरनेटच्या फोनवरून बोलत होते. तुम्ही "अगं, ऐक ना" म्हणायचात आणि थांबायचात. मी भरभर बोलत होते, आणि दुसऱ्याला मधे तोडायचं नाही ही तर तुमची जन्माची शिस्त. मला वाटलं, मी दिवाळीला येत नाही म्हणून रुसलात. आता वाटतं, उशीरच असेल. तसं असेल तर बरं, असं म्हणायला जाते आणि लक्षात येतं की मग तुम्हाला काहीतरी सांगायचं होतं. यातलं कोणतं खरं धरू, मला खरंच कळत नाही. हा कागद कुठे टाकायचा तेही माहीत नाही, टेबलाच्या खणातच राहील. आईला मी तेव्हा सांगितलं होतं की बोलता बोलता लाइन कट झाली. ती झाली नव्हती. मी कंटाळून फोन ठेवला होता.