टेप नको, झाकण हवं

मंगळवार, संध्याकाळ

आज मी घरातला गॅस मीटरपाशीच बंद केला. अति केलं का? नाही. मुळीच नाही.

ओटा मागच्या खोलीत हलवल्यापासून जुन्या पाइपचं तोंड सासऱ्यांच्या पलंगाजवळ तसंच राहिलंय. ह्यांनी त्याला नुसती टेप गुंडाळली होती. टेप! तिथला कॉक कुणाच्याही धक्क्यानं फिरेल, हे किती वेळा सांगायचं?

"उगं घाबरतीस. कॉक बंद हाय की," हे म्हणाले.

"पक्कं झाकण बसेपर्यंत शेगडी पेटणार न्हाय," मी म्हटलं.

दुपारी सगळ्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. हे धुसफुसत होते, पण शेवटी त्यांनीच गॅस कंपनीला फोन लावला.

माणूस आला. त्यानं टेप काढून धातूचं झाकण घट्ट आवळलं, गॅस सुरू करून साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा आला नाही. मी खाली बसून स्वतः पाहिलं.

"झालं समाधान? आता चहा टाक," हे म्हणाले.

"आज तुमी टाका."

पलंगावरून सासरे म्हणाले, "मलाबी अर्धा कप."

हे उठले. साखर कुठं आहे, ते मी सांगितलं नाही.