तुझ्याबरोबर वाढणारे लांडगे

प्रिय दिनेश,

'प्रिय' लिहिलंय खरं, पण आज तुझ्यावर इतका राग आहे की एकदा खोडलं आणि मग पुन्हा लिहिलं. समोरच्या बिल्डिंगमधली भाग्यश्री सकाळी कामावर जाण्याआधी येऊन गेली. अंबडला तुझ्याच ऑफिसात बसते, तिला कळायचं राहतंय होय! तुला सिन्नरच्या नव्या युनिटचा प्रमुख करायला निघाले होते आणि तू साहेबांना चक्क नको म्हणालास. का, तर 'आहे तिथं बरा आहे'. इकडे रविवारी माझी सुपारी फुटणार. मुलाकडची माणसं यायची म्हणून आईने नव्या चादरी काढल्यात, रविराजने माझा फोन काढून घेऊन आप्पांच्या कपाटात ठेवलाय, आणि तू आहेस तिथं बरा आहेस! आता भाऊ म्हणून त्याला काय बोलू, हॉलमध्ये टीव्ही लावून बसलाय आणि मी खोलीतून बाहेर आले की माझ्याकडे मान वळवतो. म्हणून हे कागदावर. भाग्यश्री संध्याकाळी येईल, तिच्या डब्याच्या पिशवीतून आज रात्रीच तुझ्यापर्यंत पोचेल.

तू नको का म्हणालास ते मला ठाऊक आहे. कॉलेजरोडच्या त्या गेमिंग कॅफेत तुझ्याकडूनच शिकले मी. आठवतं? दरीत सुरुवात व्हायची, हातात गंजकी तलवार आणि समोर लांडगा. किती वेळा मेले मी. मग हट्टाला पेटून लढत राहिले, लेव्हल वाढवत गेले, चिलखत मिळवलं, पेटती तलवार मिळवली, आणि मोठ्या तोऱ्यात त्याच दरीत परत गेले. म्हटलं आता एका फटक्यात आडवा करते. तर मेला लांडगा पहिल्याइतकाच चावला! मी तुझ्यावरच खेकसले. तू हसत सांगितलंस की या खेळात शत्रू आधी आपली लेव्हल बघतो आणि मग स्वतःची ठरवतो. आपण एक पायरी चढलो की तोही चढतो. मग मी इतके दिवस वाढले कशाला, असं मी विचारलं होतं. त्याचं उत्तर तू दिलं नाहीस. युक्ती सांगितलीस.

ती युक्ती तू स्वतः फजिती होऊन शोधली होतीस. खेळातला तुझा पहिला गडी म्हणजे गोडबोल्या व्यापारी. सगळे गुण तू बोलण्यात आणि घासाघीस करण्यात घातलेस. त्याची लेव्हल भराभर वाढली, तशी लांडग्यांचीही वाढली, पण त्याचा तलवारीचा हात होता तिथेच राहिला. भाजी स्वस्त मिळायची आणि गावाबाहेर पडला की फाडला जायचा. मग तुझ्या लक्षात आलं की लेव्हल वाढते ती सरायीत मुक्कामाला जाऊन झोपल्यावरच. झालं! पुढचा गडी तू झोपूच दिला नाहीस. तो पहिल्याच लेव्हलला राहिला आणि लांडगेही पिल्लंच राहिली. अख्खा कॅफे तुझ्यामागे उभा राहून टाळ्या पिटायचा. मी मात्र शेजारी बसून बघत होते ना. त्याला जड चिलखत अंगावर घेता येत नव्हतं, मोठे दरवाजे उघडत नव्हते, अर्धा नकाशा शेवटपर्यंत काळाच राहिला. कुणी त्याला हरवू शकत नव्हतं आणि तो कुठे जातही नव्हता.

आमच्या आप्पांशी तू तेच करतोयस. तू डिप्लोमावाला होतास तेव्हा ते म्हणाले, डिग्री नाही. तू नोकरी सांभाळून डिग्री घेतलीस. मग म्हणाले, नोकरी कंत्राटी आहे. तू कायम झालास. मग म्हणाले, नाशकात स्वतःचं घर नाही. तू पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतलास आणि पेढे घेऊन आलास. आप्पांनी पेढे मागून खाल्ले आणि तोंड पुसता पुसता म्हणाले, एकट्याच्या पगारावर हप्ते फेडायचे म्हणजे अवघडच. त्या दिवशी जिन्यात तू मला म्हणालास, "वेदू, मी वाढलो की तुझे आप्पा वाढतात." आपण दोघं पोट धरून हसलो होतो. तू ते एवढं मनावर घेशील असं मला वाटलं नव्हतं. सिन्नरला गेलास तर आप्पा आणखी काहीतरी मागतील, त्यापेक्षा वाढूच नये, असंच ना?

आज सकाळी मी त्यांना विचारलं. सायखेड्याला खतांच्या दुकानावर निघाले होते, बूट घालत होते. "आप्पा, दिनेश सिन्नरचा प्रमुख झाला तर रविवारचं थांबवाल?" म्हणाले, नाही. मी म्हटलं, "कलेक्टर झाला तर?" त्यांचा बुटाच्या नाडीवरचा हात थांबला. "लय शहाणी होऊ नको," म्हणाले. मग माझ्याकडे न बघताच बोलले, "कलेक्टर झाला म्हणून त्याचं गाव बदलणार हाय का? उद्या लोक मला विचारतील पोरगी कुठं दिली. मी काय सांगू, पेठच्या डोंगरात?" स्वयंपाकघरात आईचं लाटणं थांबलं होतं.

दिनेश, आमच्या घरात तुझी जात कुणी कधी उच्चारली नाही. डिग्री म्हणाले, पगार म्हणाले, फ्लॅट म्हणाले. आईसुद्धा फार तर 'त्यांच्यातला' एवढंच म्हणते आणि आवाज खाली आणते. मला वाटायचं आप्पांचं मागणं वाढतंय, म्हणजे कधीतरी संपेल. ते वाढत नव्हतंच रे. पहिल्या दिवशी होतं तेवढंच आज आहे, आणि तू कितीही वर गेलास तरी तेवढंच राहील. मला आज रडू आलं ते याचं. तू रात्रपाळ्या करून अभ्यास केलास तेव्हा मी तुला धीर देत होते की एवढं झालं की झालं. कशाचं काय!

म्हणून सांगते, सिन्नरचं घ्यायचं की नाही ते आप्पांना मध्ये न घालता ठरव. तुला ती नवी मशिनं आवडतात. त्यांच्याबद्दल बोलायला लागलास की समोरचा चहा गार होतो. तुझ्या आईला कळलं की तू असल्या कारणासाठी नको म्हणालास, तर ती पेठहून पहिली एसटी पकडून येईल आणि तुझा कान धरेल. मी तिच्याच बाजूने असेन.

आता हे लिहायचं खरं कारण. उद्या सकाळी मी रविवारच्या साडीला फॉल लावायला टाकते म्हणून भाग्यश्रीबरोबर बाहेर पडणार आहे, आणि परत येणार नाहीये. अकरा वाजता विवाह नोंदणीच्या ऑफिसात ये, लग्नाची नोटीस द्यायला. आधारकार्ड, शाळेचा दाखला, फोटो आण. ती नोटीस महिनाभर तिथल्या बोर्डावर राहते, आप्पा वाचतील, काका वाचतील, रविराज काय करेल ते मला सांगता येत नाही. मला भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू. तिथूनच भाग्यश्रीच्या फोनवरून मी आप्पांना आणि त्या मुलाला, दोघांनाही स्वतः सांगणार आहे. तू आला नाहीस तरी सांगणार आहे. भाग्यश्रीने हॉस्टेलात माझ्यासाठी जागा बघून ठेवलीय आणि रविवारी पाटावर बसायला मी त्या घरात नसेन. मघाशी साडीची पिशवी उघडली, तर घडीखाली माझं आधारकार्ड आणि शाळेचा दाखला होता. मी मागितले नव्हते. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, ती वळली नाही आणि मी साडीची घडी पुन्हा होती तशी ठेवली. तर ये. आणि अर्जात गाव विचारतात तिथे नुसतं नाशिक लिहून मोकळा होऊ नकोस. तुझ्या गावाचं नाव लिही, तालुका पेठ लिही, लांबून वाचता येईल अशा अक्षरात.

तुझीच,
वेदिका