आईकडून आलेलं जनुक

प्रिय दादा,

तू गेल्यावर तुला कधी पत्र लिहिलं नाही. लिहून काय सांगणार होते? आज लिहिते आहे, कारण तुझं दुखणं पुन्हा आपल्यात आलंय. या वेळी मावशीच्या सुनीताच्या मुलाला. सोहम त्याचं नाव, तू त्याला पाहिलं नाहीस.

दिवाळीत सुनीता त्याला घेऊन पालीहून आपल्याकडं धारूरला आली होती. सोहम अंगणात पडला. उठताना त्यानं हात आधी जमिनीला टेकले, मग गुडघ्यांना, मग मांड्यांना, आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहिला. "लई आळशी हाय," सुनीता हसत म्हणाली. आई आणि मी एकमेकींकडं बघितलं नाही. तू असाच उठायचास ना रे?

मी आता कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवते. तो धडा दरवर्षी येतो. पेशीच्या केंद्रकात डीएनए, त्यावर जनुकं. जनुकाची नक्कल आरएनए बाहेर नेतो, रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो, अमिनो आम्लं जोडतो आणि प्रथिन तयार होतं. मधलं एखादं अक्षर गळालं तर पुढचं सगळं वाचन चुकतं, हे सांगताना मी फळ्याकडं तोंड करते. तुझ्या स्नायूंना सांभाळणारं प्रथिन असंच कधी तयार झालं नाही. आधी तुझं चालणं गेलं, मग हात, शेवटी श्वास.

सुनीताला सांगायला मीच पालीला गेले. ती लई भडकली. तुमच्या घरातलं दुखणं माझ्या लेकराला चिकटवू नको म्हणाली आणि आत निघून गेली. पुढं सोहमला पायऱ्या चढवेनात, तेव्हा तिचाच फोन आला. रक्त तपासलं. डॉक्टरांनी तुझ्याच दुखण्याचं नाव सांगितलं.

तिथून ती सरळ आपल्याकडं आली. म्हणाली, "ताई, माझ्यामुळं झालं का हे?"

मी तिला समजावलं. बाईकडं एक्स गुणसूत्रं दोन. एकावरचं जनुक बिघडलेलं असलं तरी दुसरं निभावून नेतं, तिला पत्ताही लागत नाही. मुलाकडं एक्स एकच, तेही आईकडून आलेलं. दोनातलं कोणतं जाईल ते कुणाच्याच हातात नसतं. "तुला मावशीकडून आलं, मावशीला आणि माझ्या आईला आजीकडून. यात तुझा काय गुन्हा?"

आई शेजारी शेंगा सोलत होती. आत्या तिला काय म्हणायची, आठवतं? हिच्या रक्तातच खोट हाय. आईनं कधी उलट उत्तर दिलं नाही. त्या दिवशी तिचे हात थांबले.

"हे मला कावून न्हाई सांगितलं कुणी?"

तुझ्या वेळी डॉक्टर बोलले ते बाबांशी, आई बाहेर बाकड्यावर होती. बाबांनी घरी येऊन काहीच सांगितलं नाही, आणि पुढं मीही कधी विषय काढला नाही. मी तिला सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हंजी त्यात माझा गुन्हा न्हवता." इतकी वर्षं ती तो गुन्हा मनात घेऊन जगत होती, दादा?

सोहम बरा होणार नाही. औषधानं थोडा काळ मिळेल, तेवढाच. तू विचारायचास मी कधी पळणार, आणि सगळे म्हणायचे, पुढच्या वर्षी. सोहम विचारील तेव्हा मी असं म्हणणार नाही.

माझं रक्त मी अजून तपासलेलं नाही. ते जनुक माझ्यातही असेल याची भीती वाटते. पण आता तपासायला बीडला जाणार आहे. जे काही निघेल ते आईला सगळ्यांच्या आधी मीच सांगेन, हा तुला शब्द.

तुझी धाकटी,
मंगल