जनाभाऊंचा पाळणा

झाशी, मंगळवार, संध्याकाळ

रामनवमीच्या पुस्तिकेत जनाभाऊंचा पाळणा घ्यायचाय, पण सीपरी बाज़ारच्या छापखानेवाल्याने अडवलं. "दादाजी, लिखनेवाले के जाने के बाद भी साठ साल घरवालों का हक़ रहता है. परमिशन लाइए."

जनाभाऊंना जाऊन बारा वर्षं झाली. रामनवमीच्या गाण्यांची झेरॉक्स दरवर्षी मीच वाटतो. बाकी गाण्यांवर होतं, म्हणून या पाळण्यावरही मी 'पारंपरिक' लिहिलं. पारंपरिक! रेल्वे वर्कशॉपात माझ्याशेजारी बसून त्यांनी तो रचला होता. मला कळत नव्हतं?

इथल्याच नगरा वस्तीत राहणाऱ्या त्यांच्या मुलीला फोन केला. ती हसली, "काका, परमिशन कशाला? तो तर पारंपरिक आहे ना! तुमच्याच कागदावर वाचलंय."

मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. उद्या तिच्या घरी जाऊन खरं सांगेन. पण ते ऐकल्यावर ती परवानगी देईल?